आधी कापायला शिका ताई, रीमिक्सचं नंतर बघू

पत्र असं आलंय:

"दादा, मी कराडजवळच्या एका गावात शाळेवर शिक्षिका आहे. जानेवारीत गॅदरिंग, सातवीच्या मुलामुलींचा ९ मिनिटांचा डान्स माझ्याकडे. आधी वासुदेव, मग कोळीगीत, मग गोविंदा आणि शेवटी लेझीम. गेल्या वर्षी १२०० रुपये देऊन एका मोबाईल शॉपीत मिक्स करून घेतलं, तर एक गाणं अर्ध्या शब्दात तुटलं आणि मुलं स्टेजवर एक पाय वर करून तशीच उभी. त्यात मधेच कुणा बाप्याचा आवाज, डीजे अमुक इन द मिक्स! मुख्याध्यापक माझ्याकडे बघतायत, मी पडद्याकडे बघतेय. यंदा मीच करणार. भाचा म्हणतो एफएल स्टुडिओ टाक, त्याच्याकडे फुकटचं क्रॅक आहे. शाळेतले सर म्हणतात ऑडॅसिटी. नणंद म्हणते फोनवर बँडलॅबमधे होतं सगळं. लॅपटॉप मिस्टरांचा जुना, ४ जीबी रॅम. नेट येतं जातं. संगीत म्हणाल तर लहानपणी दोन वर्षं पेटी शिकले तेवढंच. कुठलं घेऊ? आणि जमलं तर लेझीमच्या मागे जरा दणका पण द्यायचाय. — कात्रीवाल्या बाई"

ताई, आधी सॉरी, एक पाय वर करून उभी मुलं वाचून मी खूप हसलो. आता उत्तर, उगाच शेवटपर्यंत ताणत नाही: ऑडॅसिटी घ्या. सर बरोबर आहेत. पण भाचा पण चुकीचा नाहीये, तो फक्त दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतोय, आणि हा घोळ सगळ्यांचा होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"गाणं एडिट करायचंय" आणि "गाण्याचं रीमिक्स करायचंय" ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात गाणं आहे तसंच राहतं, तुम्ही त्यातले नको ते तुकडे काढता, हवे ते जोडता, आवाज कमीजास्त करता. दुसऱ्यात गाण्याचे अवयव सुटे करून त्याच्याभोवती नवीन ठोके, नवीन बेस, नवीन वाद्यं रचता. ब्लाऊज अल्टर करायला शिलाई मशीन लागतं, त्यासाठी इचलकरंजीहून माग आणत नाही कुणी. तुमचं नव्वद टक्के काम अल्टरचं आहे. उरलेल्या दहा टक्क्यांच्या दणक्याचं पुढे सांगतो, त्याला पण माग लागत नाही.

एफएल स्टुडिओ म्हणजे माग. बेल्जियमच्या कंपनीचं, १९९७ साली फ्रूटीलूप्स नावाने निघालं आणि आज आपल्याकडे हळदी-वरातीची जी डीजे गाणी वाजतात त्यातली कितीतरी ह्याच्यावरच बनतात, त्यामुळे पोरांना वाटतं की गाण्याचं काय पण करायचं म्हणजे एफएल. चांगलंच सॉफ्टवेअर आहे, एकदा घेतलं की पुढचे अपडेट कायम फुकट, हे असं फार थोडे देतात. पण उघडल्यावर समोर ठोके भरायच्या चौकोनांच्या रांगा येतात आणि ज्याला फक्त दोन गाणी जोडायचीयत तो माणूस तिथेच अर्धा तास "माझं गाणं टाकू कुठे" करत बसतो. फुकट ट्रायल मिळते, ती वापरायला हरकत नाही, फक्त तिची मेख अशी की प्रोजेक्ट सेव्ह होतो पण विकत घेतल्याशिवाय परत उघडत नाही, म्हणजे एका बैठकीत काय ते उरकायचं. आणि भाच्याचं क्रॅक, म्हणजे चोरीची प्रत, नको. नीतीचं राहू द्या बाजूला, तो लॅपटॉप मिस्टरांचा आहे ना, त्यात त्यांचं बँकेचं वगैरे असणार, क्रॅकच्या फाइलसोबत अजून काय काय घरात येतं ते ना भाच्याला माहीत ना तुम्हाला.

बँडलॅबबद्दल नणंद पण बरोबर बोलतेय. फुकट आहे, फोनवर चालतं, लॅपटॉपवर ब्राउझरमधे पण चालतं, तयार ठोके भरपूर. पण बराचसा कारभार ऑनलाइन, आणि तुमच्याकडे नेट येतं जातं. दुसरं म्हणजे फोनच्या स्क्रीनवर बोटाने गाणं कापणं म्हणजे नखाने कैरी चिरणं, होतं पण कड नीट येत नाही. बाकीची नावं पण कानावर येतील म्हणून झटकन सांगतो. गॅरेजबँड फुकट आणि सुंदर, पण फक्त ॲपलवाल्यांसाठी. रीपर मला स्वतःला फार आवडतं, जुन्या लॅपटॉपवर पण पळतं, ६० दिवस फुकट आणि नंतर घरगुती वापराला ६० डॉलर, पण ते पुढच्या वर्षी बघा. व्हर्च्युअल डीजे, मिक्स (Mixxx) असली सॉफ्टवेअर म्हणजे समोर पब्लिक नाचत असताना लाइव्ह गाणी बदलायची, तो विषयच वेगळा.

ऑडॅसिटी २००० सालापासून आहे, अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालं, फुकट आहे आणि कसली अट नाही. दिसायला काही खास नाही खरं, पण टाकलं की तुमचं गाणं लांब पट्ट्यासारखं समोर दिसतं आणि कात्री कुठे चालवायची ते कळतं, ४ जीबी रॅमला झेपतं, नेट लागत नाही. फक्त डाउनलोड त्यांच्याच अधिकृत साइटवरून करा, सर्चमधे वर वर जाहिराती असतात त्यांच्यावर क्लिक करू नका.

आता मुद्द्याचं, कापायचं कसं. गेल्या वर्षी तुमचं गाणं अर्ध्या शब्दात तुटलं कारण त्या माणसाने घड्याळ बघून कापलं. दोन मिनिटं झाली, कट. गाणं घड्याळावर कापत नाहीत ताई, समेवर कापतात. पेटी शिकलात म्हणजे सम माहितीये, जिथे आवर्तन फिरून पहिल्या मात्रेवर येतं ती जागा. तुम्ही पहिलं गाणं समेवर सोडलं आणि दुसरं समेवर धरलं तर मुलांचे पाय आपोआप बरोबर पडतात, त्यांना जोड कळत पण नाही.

करून बघा. गाणं लावा, डोळे मिटून मांडीवर ताल धरा, आणि वाजत असतानाच दर समेला कंट्रोल आणि एम दाबा. प्रत्येक वेळी पट्ट्याखाली एक छोटी खूण पडेल. पहिल्यांदा खुणा जरा उशिरा पडतात, कारण कान ऐकतो मग बोट हलतं, काळजी नको. मग त्यातली एक खूण झूम करा, इतकी की पट्ट्याचा डोंगर सरळ दिसायला लागेल. ढोलकीची थाप असेल तिथे सपाट रेषेतून एकदम उभा सुळका येतो. कात्री सुळक्याच्या अगदी पायथ्याशी, केसभर अलीकडे लावायची. सुळक्याच्या मधोमध लावली तर थाप बोथट होते, फार आधी लावली तर मागच्या सुराचं शेपूट लटकतं. आणि कापायच्या आधी झेड दाबा, म्हणजे ते आपणच कड अशा जागी सरकवतं जिथे लाट शून्याला आहे. हे नाही केलं तर जोडावर "टिक्" असा बारीक आवाज येतो, घरी ऐकू येत नाही पण मैदानातल्या मोठ्या बॉक्सवर चाबूक मारल्यासारखा येतो. मी स्वतः बहिणीच्या हळदीत हा चाबूक खाल्लेला आहे, १४ जोड आणि १४ चाबूक, बँजोवाला माझ्याकडे बघून हसत होता.

कापायचं कंट्रोल आय ने, त्याने तुकडा सुटा होतो, मग उचलून पाहिजे तिथे नेता येतो. चुकलं तर कंट्रोल झेड, कितीही वेळा.

दुसरी गोष्ट वेगाची. समजा गोविंदाचं गाणं मिनिटाला ९६ ठोक्यांचं आहे आणि लेझीम १०४ चं. (मोजायला ॲप वगैरे नको, १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा.) दोन्ही जोडली तर मुलांना जोडावर ठेच लागल्यासारखं होतं. म्हणून गोविंदा शेवटाकडे सव्वाआठ टक्क्यांच्या आतबाहेर वाढवायचा. पण इथे इफेक्टच्या मेन्यूत तीन सारख्या नावाच्या गोष्टी आहेत आणि सगळे नवशिके इथेच पडतात. चेंज टेम्पो म्हणजे फक्त वेग बदलतो, पट्टी तीच राहते. चेंज पिच म्हणजे पट्टी बदलते, वेग तोच. आणि चेंज स्पीड (नव्या आवृत्तीत चेंज स्पीड अँड पिच) म्हणजे दोन्ही, जुनी कॅसेट जोरात फिरवल्यासारखं, साधारण ६ टक्क्यांना अख्खी एक पट्टी चढते, काळी एकचं गाणं पांढरी दोनला जातं आणि गायिका एकदम दहा वर्षांची वाटायला लागते. तुम्हाला टेम्पोवालं हवंय. आठ-दहा टक्क्यांपर्यंत बिनधास्त, पुढे गेलात की आवाज पाण्यातून आल्यासारखा गुळगुळतो.

पट्टीचं पण एक वाक्य. दोन गाणी एकमेकांवर चढवून हळूहळू बदलायची असतील, म्हणजे एक विरतंय आणि दुसरं वर येतंय, तर दोघांची पट्टी जुळली पाहिजे नाहीतर ते चार सेकंद भांडी पडल्यासारखे ऐकू येतात. पेटी अजून घरात असेल तर काढा बाहेर, गाण्याचा सा शोधा, लगेच कळेल. जुळत नसेल तर चढवूच नका, सरळ समेवर तोडा आणि जोडा.

आणि आता तुमच्या यादीतली खरी गोची, जी कुठलंच सॉफ्टवेअर सोडवणार नाही. बरीचशी कोळीगीतं सहा मात्रांच्या चालीत असतात, होडी डोलल्यासारखी, एक दोन तीन चार पाच सहा. लेझीम आणि गोविंदा चार-आठच्या हिशोबात. सहाचं गाणं आठच्या गाण्यावर चढवून मिक्स करायला गेलात तर किती पण वेग जुळवा, पाय अडकणारच, कारण झोकच वेगळा आहे. यूट्यूबवरचे शिकवणारे हे सांगत नाहीत, त्यांची सगळी गाणी चारचीच. उपाय सोपा आहे: मधे पूल टाका. कोळीगीत पूर्ण आवर्तन करून समेवर थांबवा, मग दोन-तीन सेकंद दुसरंच काहीतरी, घंटा, शंख, किंवा तुमच्या भागात हलगी वाजवणारे काय कमी आहेत का, एखाद्याला फोनवर चार मात्रांचा एक तुकडा वाजवायला सांगा, आणि त्या हलगीच्या शेवटच्या ठोक्यावर गोविंदा सुरू. मुलांना नवीन लय आधी कानात मिळते आणि जागा बदलायला वेळ पण मिळतो. वासुदेवाकडून कोळीगीताकडे जाताना चिपळ्यांचं पण असंच करता येईल.

आता दणका. सगळे सांगतील की तयार बीट घे आणि गाण्याखाली टाक. टाकून बघा, पहिली आठ आवर्तनं मस्त वाटेल आणि नंतर बीट एकीकडे, गाणं एकीकडे. जुनी गाणी माणसांनी बसून वाजवलीयत, ती रंगात आली की जराशी पुढे पळतात, मशीनचा ठोका पळत नाही. कसलेले रीमिक्सवाले मग गाणं इंचाइंचाने ताणून बसवतात, ते तुम्ही आत्ता नका करू, वेड लागेल. त्यापेक्षा तुमच्या शाळेत कपाटात लेझीम पडलेल्या आहेत ना? वर्गाच्या खिडक्या लावा, दहा मुलं उभी करा, स्पीकरवर बारीक आवाजात गाणं लावा आणि त्यांना त्याच गाण्यावर लेझीम वाजवू द्या, फोन मुलांच्या जवळ ठेवून रेकॉर्ड करा. मुलं गाण्यासोबतच पळतात त्यामुळे ताल सुटत नाही. ते रेकॉर्डिंग ऑडॅसिटीत गाण्याखालच्या पट्ट्यावर टाका, सुळक्याला सुळका जुळवा, झाला दणका. आणि तो कुठल्या डीजेकडे मिळणार नाही.

गायकाचा आवाज काढून फक्त संगीत ठेवायचं असेल तर आता एआयवाली साधनं आहेत, बँडलॅबमधेच स्प्लिटर नावाचं फुकट मिळतं, ते आवाज, ड्रम, बेस आणि बाकीचं असं वेगळं करून देतं. नेट चांगलं असेल त्या दिवशी खेळून बघा. पण आपल्या गाण्यांत ढोलकीचं त्याला नीट कळत नाही असा माझा अनुभव, अर्धी ड्रममधे जाते आणि तिचा घुमारा बेसमधे, मग तुम्ही बेस बंद केला की ढोलकी पत्र्याच्या डब्यासारखी वाजते.

एक फायदा जो तुम्ही मागितला नव्हता: सरावासाठी वेगळी प्रत करा. तयार मिक्स घ्या, चेंज टेम्पोने १५ टक्के हळू करा (आवाज जरा गुळगुळेल, सरावाला चालतंय), आणि वरच्या पट्ट्यावर तुमच्याच आवाजात "पाच, सहा, सात, आणि वळा" असं बोलून ठेवा. पहिला आठवडा मुलं ह्यावर शिकतील, तुमचा घसा वाचेल. मग बोलण्याचा पट्टा बंद करून हळूहळू वेग वाढवत खऱ्या मिक्सवर या.

आता चुका, ज्या मी केल्यात म्हणून तुम्ही करू नका. सेव्ह केलं म्हणजे गाणं तयार झालं असं नाही, सेव्हने ऑडॅसिटीची स्वतःची फाइल बनते जी पेनड्राइव्हवर वाजत नाही, गाणं करायला एक्सपोर्ट करावं लागतं. काम करताना ब्लूटूथ हेडफोन नको, त्यात आवाज उशिरा येतो आणि तुमच्या सगळ्या खुणा चुकतात, दीडशे रुपयांचा वायरवाला घ्या. एमपी३ परत परत एक्सपोर्ट करू नका, प्रत्येक वेळी थोडा दर्जा जातो, झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं, मधली कामं वेव्ह (WAV) फाइलमधे ठेवा, मिनिटाला साधारण साडेदहा एमबी जागा खाते, ९ मिनिटांचे ९५ एमबी, चालतंय. आणि मूळ गाणीच कुठून तरी आलेली, आधीच कुणी पिळलेली घेऊ नका, तो "इन द मिक्स"वाला बाप्या तिथूनच आला होता, त्याला नंतर पुसता येत नाही कारण तो गाण्यावर बसलेला असतो.

मंडपवाल्याचं पण लक्षात घ्या. कित्येकांचा ॲम्प्लिफायर एकाच बाजूचा आवाज घेतो, आणि जुन्या स्टिरिओ गाण्यांत वाद्यं एका बाजूला, गायक दुसऱ्या बाजूला असं असू शकतं, मग स्टेजवर नुसती वाद्यं वाजतात, गाणारा गायब. म्हणून शेवटी ट्रॅक्सच्या मेन्यूत जाऊन स्टिरिओचं मोनो करून एक प्रत काढा. मैदानात काही फरक कळत नाही कुणाला.

कॉपीराइटचं तुम्ही विचारलं नाहीत पण कुणीतरी विचारेलच. १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ मधे शाळेच्या कार्यक्रमाला सूट आहे, बघणारे विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित लोकच असतील तर ध्वनिमुद्रण वाजवायला अडचण नाही. व्हिडिओ यूट्यूबवर टाकला की मात्र ते शाळेपुरतं राहत नाही, गाण्याच्या मालकाचा क्लेम येतो, कधी व्हिडिओच बंद होतो, तेव्हा उत्साही पालकांना आधीच सांगून ठेवा.

सुरुवात आज रात्रीच करा, पण चारही गाणी घेऊन नाही. फक्त गोविंदा आणि लेझीम, एक जोड. तो बरोबर बसायला पहिल्यांदा दोन तास लागतील, दुसरा वीस मिनिटांत होईल. भाच्याला दाखवा, तो नाक मुरडेल, मुरडू दे, त्याला लेझीमच्या रेकॉर्डिंगला फोन धरायला उभा करा.

आणि हो, कोळीगीतानंतरचा पूल मी दोन-तीन सेकंद म्हणालो खरा, पण मुलींच्या डोक्यावर टोपल्या असतील ना? मग सहा सेकंद ठेवा. त्या टोपल्या विंगेत ठेवून परत यायला तेवढा वेळ लागतोच.